अकरा पात्यांचा चाकू

कुंभारी, २ जुलै १९७८

उस्ताद त्रिंबकराव यांस ईश्वरचा नमस्कार.

नात्यानं तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पण ज्यानं माझ्या हातात पहिला पाना दिला, त्याला मी उस्तादच म्हणणार. पारू म्हणते, अण्णा लिही की. मला ते जमत नाही.

अक्षराला हसू नका. हाताला जरा खरचटलंय, भरून येईल. काळजीचं काही नाही.

एक काम आहे. दुबईच्या बाजारात म्हणे असा चाकू मिळतो की एकाच मुठीत सगळं असतं. सुरी, कात्री, स्क्रू फिरवायचं, धागा ओढायची आकडी, सगळं. मिटला की खिशात मावतो. तसा एक मला पाहिजे आणि लवकर पाहिजे. तुमच्याकडे आजवर मी काही मागितलं नाही. आता मागतोय, यावरूनच ओळखा.

झालंय असं, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या शेडचे माग आता चोवीस झाले. माग बंद पडला की मी पेटीकडे पळतो, पेटीतून हत्यार घेऊन मागाखाली शिरतो, तिथं दुसरंच हत्यार लागतं, की पुन्हा पेटी. परवा मालक बसलिंगप्पांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "ईश्वर, तू मानूस चांगला हायस. पर माझे दोन-तीन माग कायम थंड असत्यात. टॉवेल काय मी फुंकर मारून इनू? खंडेनवमीपतूर बघतो." उस्ताद, तुम्ही त्या शेडमध्ये बारा वर्षं काढलीत, त्यांचं "बघतो" म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. खंडेनवमीला ज्याचं हत्यार पूजेत मांडलं जात नाही, त्यानं दसऱ्याला शेडची पायरी चढायची नाही.

मला जॉबरीशिवाय काही येत नाही. माग दुरुस्त करणं सोडून या हातांनी दुसरं काही केलेलंच नाही. तेवढा चाकू बघाच.

आपला
ईश्वर


दुबई, २१ जुलै १९७८

चि. ईश्वर यास आशीर्वाद.

नात्यानं तू माझा दाजी, अहो-जाहो करायला हवं. पण तुला मशीनखालचं तेल पुसताना पाहिलंय, तेव्हा अरे-तुरेच बरं.

तुझ्या अक्षराला मी काय हसू? माझंच बघ. इथं गोदीत बोटीच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहितो, खाली इंजिन धडधडतं, अक्षर नाचतं. मागच्या वर्षीपासून असंच चाललंय, तू समजून घे.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. जॉबरला पेटी लांब पडते म्हणजे काय? मी तुला सांगत होतो ना, की नेहमी लागणारी तीन हत्यारं अंगावर पाहिजेत आणि बाकीची पेटीत. पेटी लांब असली की माणूस आळस करतो, आणि आळसानं बोट पुढं जातं. चालत्या मागात हात घालायचा नाही. तुला बाकी काही शिकवलं नसेल, एवढं शिकवलं. आणि इतक्या वर्षांत तू एकदाही घातला नाहीस, हे मी इथल्या पोरांना अजून अभिमानानं सांगतो.

असो. शुक्रवारी सुट्टी होती, बाजारात गेलो. एका मलबाऱ्याचं दुकान आहे. त्यानं तीन माल दाखवले. पहिल्याला सुरीबरोबर छोटी पक्कड जोडलेली, पण वजनाला एवढा की तुझी चड्डी खाली येईल. दुसरा लाल मुठीचा, चपटा, अकरा पात्यांचा, देखणा. तिसरा खलाशांचा. त्याला मिटायची भानगडच नाही, एकच जाड पातं, म्यानात घालायचं आणि दोरीनं मनगटाला अडकवायचं. आंधळ्यानंही वापरावा असा, पण दिसायला अगदीच दगड.

आता नीट उत्तर दे. एक, धागा कापायला जास्त लागतो की स्क्रू फिरवायला? दोन, कुठल्या खिशात ठेवणार? तीन, उघडणार कुठल्या हातानं? हसू नको. खिशातलं हत्यार घेताना लोक पाती मोजतात. आपण हात बघायचा असतो. ज्या हाताला ते रोज लागणार, त्या हाताला विचारून घ्यायचं.

पारूला आशीर्वाद. तब्येत माझी ठणठणीत आहे.

त्रिंबक


कुंभारी, ६ ऑगस्ट १९७८

उस्तादांस नमस्कार.

पत्र परवा मिळालं. धागा कापायला जास्त लागतो, त्याखालोखाल ओढायला, मग स्क्रू. खिसा उजवा. हातही उजवाच, नेहमीचा. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

उस्ताद, घाई करा. मालकांनी मंद्रूपचा एक जॉबर आणून उभा केलाय. धोंडीराम नाव. दिवसभर काही बोलत नाही, हाताची घडी घालून माझ्यामागं उभा असतो. माझा माग बंद पडला आणि मी पेटी धुंडाळायला लागलो, की हा पुढं होऊन दोन मिनिटांत चालू करतो आणि पुन्हा घडी घालतो. विणकर आता त्यालाच हाक मारायला लागलेत. काल सात नंबरच्या शिवबाईनं माझ्यासमोर त्याला बोलावलं आणि मग माझ्याकडे बघून तिलाच कसंतरी झालं. मला तिची कीव आली. माझी तर लोकांना येतेच.

घरी जायची वेळ झाली की मी सायकल मुद्दाम सावकाश चालवतो. पारू दारात उभी असते आणि माझ्या तोंडाकडे बघून आज किती माग बंद पडले ते ओळखते. तिच्यासमोर जेवण गिळत नाही.

जो देखणा असेल तोच घ्या. निदान खिशातून काढला तर लोकांना वाटावं, की हा अजून जॉबर आहे. खलाशांचा दगड नको.

ईश्वर


दुबई, २३ ऑगस्ट १९७८

चि. ईश्वर,

घेतला. लाल मुठीचा, अकरा पात्यांचा.

मलबाऱ्यानं एकेक पातं उघडून माझ्यासमोर धरलं. मोठी सुरी, लहान सुरी, कात्री, दोन जातीचे स्क्रू फिरवायचे, आकडी, टोचा, कानस, करवत, डबा फोडायचं, बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र. ते मळसूत्र तुला कशाला लागणार म्हणा. पण उघडलेला चाकू हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. स्प्रिंगा अशा कडक, की पातं बसताना खट् आवाज येतो. नवीन आहे म्हणून कडक. प्रत्येक पात्याला वरच्या अंगाला नखाची बारीक खाच आहे. डाव्या हातात मूठ घट्ट धरायची, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालायचं आणि ओढायचं. बस.

खरं सांगू? दुकानदार खलाशांचाच घ्या म्हणत होता. मीच म्हटलं, नको. माझा मेहुणा कारागीर आहे, त्याला कारागिराचा चाकू शोभतो.

होटगीचा रावजी सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती पाठवतो. दहा सप्टेंबरच्या आत तुला मिळेल. त्या धोंडीरामाच्या नाकासमोर उघड आणि मला कळव, की त्यानं घडी सोडली का नाही.

त्रिंबक


कुंभारी, १४ सप्टेंबर १९७८

उस्ताद,

रावजी चाकू घरी देऊन गेला. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात आजवर आली नव्हती. शेजारचे येऊन बघून गेले. तुमचे उपकार कसे फेडू?

शेडमध्येही नेतो. कामाला चांगला आहे.

एक विचारायचं होतं. पलीकडच्या शेडमध्ये माझा एक ओळखीचा आहे. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नाही, राहिलेली तीन बोटं पुरती मिटत नाहीत. त्याला असा चाकू धरता येत नाही, मूठ गुळगुळीत असल्यानं सटकते. नखानं न ओढता उघडणारा काही प्रकार असतो का? किंवा ती स्प्रिंग ढिली करायची काही युक्ती? तो फार मागं लागलाय. खंडेनवमी दहा ऑक्टोबरला आहे. त्याच्या घरी बायको आहे, बाकी कुणी मिळवतं नाही. लवकर कळवलंत तर त्या माणसाचं भलं होईल.

ईश्वर


कुंभारी, १५ सप्टेंबर १९७८

अण्णास पारूचा नमस्कार.

म्या सांगतीया आन् पोस्टातलं रेवणसिद्धमामा लिवत्यात. ह्यास्नी ठावं न्हाई. ठावं झालं तर घरात आग लागंल, पर आता लपवून भागत न्हाई.

अण्णा, तुजा चाकू लई छान हाय. पर ह्यास्नी तो उगडत न्हाई. ह्यांचा उजवा अंगठा ग्येलाय. अंगठा आन् त्याच्या शेजारचं बोट. मे म्हैन्यात मागात सापडलं. तुला कळवू नगं म्हून माज्या गळ्याची शपत घातली हुती. म्हनले, उस्तादाला कळलं तर त्यो मला तोंड दाकवू देनार न्हाई.

चाकू आला त्या दिशी दुपारी दार लावून बसले. मला वाटलं, बगत बसले आसतील. म्या फटीतनं बगितलं तर गुडघ्यात चाकू धरून दातानं ओढत हुते. पुढचा दात मोडला, अण्णा. भायेर आले तवा पदरानं रगत पुसलं म्या, तरी म्हनत्यात, काय न्हाई, चुकून लागलं.

आता रोज सकाळी म्या उगडून देतीया. सुरी आन् आकडी. त्यो उगडाच चिंधीत गुंडाळून खिशात घालत्यात आन् सायकलीवर बसत्यात. सोमवारी मांडीत घुसला. आन् शेडमदी येकदा मिटला की संपलं, दिसभर मिटलेलाच. मंग पुन्ना पेटीकडं पळायचं. मालकानं म्हनं सांगितलंय, खंडेनवमीनंतर पायजे तर अंगन झाडायला र्‍हा.

काल म्हनले, पारू, तू मंद्रूपला मावशीकडं जातीस का चार दिस? का म्हून इचारलं तर सायकल पुसाया लागले. मला लई भ्या वाटतंय. म्या जानार न्हाई. त्यांची चप्पल हलली तरी म्या उटून बसतीया. अण्णा, तूच त्यांचा उस्ताद की. काय तरी कर. मारायचं तर मार, पर काय तरी कर.

पारू


दुबई, २९ सप्टेंबर १९७८

ईश्वर,

आशीर्वाद लिहीत नाही. आधी शिव्या घे.

पलीकडच्या शेडमधला ओळखीचा! माझ्याशीच? तुझी पत्रं काढून सगळी पुन्हा वाचली. "हाताला जरा खरचटलंय." अरे गाढवा, मी तुला तिसरा प्रश्न विचारला होता, कुठल्या हातानं उघडणार. एवढ्या एका प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतंस, तर हा चाकू मी त्या दुकानातच ठेवला असता. डोळे मिटून खलाशांचा दगड पाठवला असता. तू खोटं सांगितलंस आणि मी खोट्या हाताला हत्यार घेतलं.

पारूवर चिडलास तर याद राख. तिनं केलं तेच शहाणपणाचं.

आता ऐक. दुसरा चाकू पाठवायला वेळ नाही. हे पत्रच वेळेत पोचलं तर नशीब. पण जे हत्यार तुला पाहिजे ते विकत मिळतच नाही. सोबत कागदावर चित्र काढलंय. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीची मोडकी पात घे. विसरला असशील तर सांगतो, तुझ्या घराच्या मागच्या खिडकीला खिट्टी म्हणून तसलीच पात मी लग्नाच्या वर्षी ठोकून दिली होती. तिच्या टोकाला भोक आहे. भोकाची एक कड मोडलीस की आपोआप आकडी होते, धागा ओढायला. एका बाजूला धार लाव. दुसरं टोक घासून चपटं कर, स्क्रूसाठी. मिटायचं नाही, उघडायचं नाही, खाच नाही, स्प्रिंग नाही. आणि बोटांनी धरायचंच नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा काप, पंजावरून दोन वेढे घे आणि पात त्याखाली सरकव. हातच हत्यार होतो. कागदावर पंजाचा आकार काढून वेढा कुठून घ्यायचा ते दाखवलंय.

हे चालतं. मी पाहिलंय. रोज पाहतो. कुणाचं ते विचारू नको.

आणि बायकोला मावशीकडे पाठवायचं पुन्हा तोंडातून काढू नको. माझी बहीण तुझ्याकडे दिलीय, मावशीकडे नाही. तू शेडमध्ये अंगण झाड, नाहीतर घरी बस, पण घरी दिसला पाहिजेस. मी आलो आणि तू दिसला नाहीस, तर तुझा उस्ताद म्हणून मी कुणाला शिव्या देऊ?

त्रिंबक


कुंभारी, १४ ऑक्टोबर १९७८

उस्ताद,

सगळं लिहितो. एकही शब्द खोटा लिहीत नाही.

मे महिन्यात सात नंबरच्या मागात धागा अडकला. माग चालू होता. आकडी पेटीत होती, पेटी वीस पावलांवर. हत्यार लांब होतं आणि बोट जवळ होतं. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसंच. पलीकडून धोटा सुसाटत आला तो मला दिसला नाही. शिवबाई ओरडली तेवढं आठवतं. तुम्ही पोरांना माझा अभिमान सांगता हे वाचलं, त्या दिवशी मी पत्र घेऊन शेताच्या बांधावर जाऊन बसलो होतो.

तुमचं पत्र खंडेनवमीच्या दिवशीच सकाळी आलं. रेवणसिद्धमामा वाटेतच भेटले, मी तसंच न फोडता खिशात घातलं आणि शेडवर गेलो. माग धुऊन पुसून ठेवले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पांढरं कापड अंथरलं होतं. एकेकानं आपापलं हत्यार मांडलं. धोंडीरामानं पाना मांडला. मी तुमचा लाल चाकू मांडला, मिटलेला. सगळ्या पान्यांत तो एखाद्या नवरीसारखा दिसत होता. मला वाटलं, झालं, बसला पूजेत, आता पुढचं पुढं.

हळद-कुंकू वाहून झालं आणि मालक वाकून बघायला लागले. खुनशीपणा नव्हता, उस्ताद. माणसाला कौतुक वाटलं, एवढंच. म्हणाले, "दुबईचा व्हय रं? अकरा पाती म्हनं. उघड की जरा, बघू दे समद्यास्नी."

सगळे जवळ सरकले. मी हात पाठीमागं घेतला. माझा मोडका दात, माझी मांडी, पारूनं रोज उघडून दिलेली पाती, सगळं आता इथंच उघडं पडणार, असं वाटलं.

तेवढ्यात धोंडीराम बोलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला मी एवढं बोलताना ऐकलं. "मालक, पूजंला बसलेलं हत्यार आज उचलत न्हाईत. आमच्याकडं तर सावली बी पाडत न्हाईत. उद्याच्याला बघा."

मालक कानाला हात लावून मागं झाले. म्हणाले, "व्हय की. चुकलं. मंग उद्या मुहूर्ताला सात नंबर तूच चालू कर, ईश्वर. ह्याच हातानं. म्हंजे ठरलं समदं."

धोंडीरामानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला सगळं माहीत होतं. रोज मागं उभा राहून त्यानं काय पाहिलं नसेल?

घरी येऊन पत्र फोडलं. शिव्या वाचताना रडलो आणि खिडकीची खिट्टी उपटून काढली. पण उस्ताद, तुम्ही दिवस विसरलात. खंडेनवमीला कानस कुठून आणू? लोहाराचा ऐरण-हातोडा पूजेत, सुताराची हत्यारं पूजेत, आमच्या घरची विळीसुद्धा पारूनं कुंकू लावून देव्हाऱ्यापुढं ठेवलेली. अख्ख्या गावात त्या दिवशी एक धार उचलायची सोय नाही. मी पात हातात घेऊन उंबऱ्यावर बसलो. म्हटलं, देवानं एक दिवस दिला आणि त्यातलं हत्यारच काढून घेतलं.

पारू म्हणाली, "मोडकी पात कसलं हत्यार वो? ते भंगार. भंगाराला कोन पूजतंय?" आणि तिनं अंगणात पाटा आडवा टाकला. "पाटा काय हत्यार न्हाई, ह्येच्यावर घासा." दगडाच्या पाट्यावर, उस्ताद. तिनं दोन्ही हातांनी पात धरायची, मी डाव्या हाताचा पंजा वर दाबून ओढायची. वर पाणी टाकायचं, पुन्हा ओढायची. भर दुपारपासून दिवस कलेपर्यंत. भोकाची कड तिनंच दगडात दाबून मोडली. तिची बोटं सोलवटली. मध्येच मी म्हटलं, राहू दे, नाही होत. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मला मावशीकडं धाडायला निगाला हुता न्हवं? घासा." मी घासत राहिलो.

दसऱ्याला सकाळी सात नंबर चालू केला. चालू होताच मुद्दाम केल्यासारखा धागा तुटला आणि फणीत अडकला. मी माग बंद केला. आधी बंद केला, उस्ताद. मग पट्टा पंजावर ओढला, पात सरकवली, आकडीनं धागा काढला, कापला, डाव्या हातानं गाठ मारली. एक स्क्रू ढिला होता, तोही आवळला. पेटीकडे गेलो नाही. किती वेळ लागला माहीत नाही, पण धोंडीरामानं घडी सोडली नाही आणि पुढंही आला नाही.

मालक हाताकडे बघत राहिले. विचारलं, "त्यो दुबईचा कुटं हाय?"

म्हटलं, "पूजेत."

"असू दे तितंच," म्हणाले आणि आठ नंबरकडे गेले. त्या वेळेपासून मी कामावर आहे. माग आता बारा माझे, बारा धोंडीरामाचे.

आता मला एक सांगा. काल पारू तुमचं चित्र भिंतीला लावत होती. पंजाचा आकार तुम्ही पेन्सिलीनं काढलाय, कागदावर हात ठेवून कडेनं रेघ मारतात तसा. मला वाटलं होतं, माझ्यासाठी म्हणून अंगठा काढला नसेल. पारूनं करंगळीच्या रेघेवर बोट ठेवलं. त्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. ती म्हणते, लहानपणी तुम्ही लिंबावरून पडलात तेव्हाची ती. म्हणते, हा अण्णाचा हात हाय.

उस्ताद, तो हात कुणाचा?

ईश्वर


दुबई, २ नोव्हेंबर १९७८

ईश्वरा,

माझाच.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. बोटीचा दोर चाकावर गुंडाळत होते. चाकाची खीळ अडकली. ती काढायची सळई खोलीत होती आणि हात जवळ होता. तुला जे जन्मभर शिकवलं, तेच मी पाच मिनिटांच्या आळसात मोडलं. अंगठा मुळापासून गेला, शेजारचं बोट अर्धं. तेव्हापासून मी फिटर नाही. स्टोअरच्या खिडकीत बसतो आणि दुसऱ्यांना हत्यारं काढून देतो. पट्ट्याची पात स्वतःसाठी केली, पेट्या फोडायला. अक्षर नाचतं ते इंजिनामुळं नाही. डाव्या हातानं लिहितो.

पारूला कळू द्यायचं नव्हतं. आणि तुला तर मुळीच नाही. ज्याला मी बजावून बजावून शिकवलं त्याला काय तोंड दाखवू? पारूच्या पत्रात तुझं तेच वाक्य माझ्याबद्दल वाचलं आणि हसू की रडू कळेना. दोघंही एकमेकांना भिऊन गप्प बसलो आणि मधल्यामध्ये पारूची बोटं सोलवटली.

त्या दुकानाचं खरं सांगतो. तो लाल चाकू मला उघडता आला नाही. दोनदा सटकला, काचेवर पडला. मलबाऱ्यानं तो उचलला आणि अकराही पाती उघडून माझ्यापुढं धरली. म्हणून मी तसा बराच वेळ उभा होतो. तो मला खलाशांचा देत होता तो माझा हात बघून. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, मेहुण्यासाठी घेतोय, त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत.

चैत्रात येतोय, कायमचा. बसलिंगप्पांना आत्ता काही सांगू नको. पूजेतला तो चाकू घरी आणून ठेव, कुणाला देऊन टाकू नको. आपल्या दोघांचे मिळून दोन अंगठे उरलेत, दोन्ही डावे. मी आलो की मूठ मी माझ्या डाव्या हातात घट्ट धरतो. खाचेत नख तू घाल आणि ओढ.

तुझा
त्रिंबक